वाढ न होण्याचा दाखला

बर्नाडीन कुचाक एकसष्ट वर्षांच्या आहेत. अमेरिकेतल्या टोलेडोत राहतात, मुलांच्या व्हीलचेअरची बिलं करतात. त्याआधी त्या काचेच्या कारखान्यात फुटलेल्या काचांची नोंद ठेवायच्या. "तिथं फुटलेलं म्हणजे फुटलेलं," त्या म्हणतात. "इथं ते आधी सिद्ध करावं लागतं."

मी साहित्यात एम.ए. झाले. नोकरी मिळाली ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर, विमा कंपन्यांना विनंतीपत्रं लिहिण्याची. पहिलं पत्र त्यांनी वाचलं.

"पुस्तकवाले, 'कोमल' काढ."

"का?"

"कोमलला विम्याचा कोड नाही."

फेब्रुवारीत ओडेसा पेटवेची फाइल आली. वय सहा. पाठीचा कणा वाकडा, मान धरत नाही. जुनी खुर्ची इतकी अपुरी पडली होती की पट्टे खांद्यांवर बसत नव्हते. पट्टे नीट नसतील तर शाळेची बस तिला घेणार नव्हती. शाळा अठरा ऑगस्टला सुरू होणार होती.

थेरपिस्टने मापं घेतली. डॉक्टरांनी पत्र दिलं. विमा कंपनी फक्त फॅक्स घेते, म्हणून बर्नाडीनबाईंनी बासष्ट पानं फॅक्स केली. पानं जात असताना त्या यंत्रावर हात ठेवून उभ्या होत्या.

नव्व्याण्णवाव्या दिवशी उत्तर आलं. मापं नव्वद दिवसांहून जुनी आहेत, नामंजूर.

पुन्हा मापं घेतली. मांडी पाऊण इंच वाढली होती. उत्तर आलं: पत्रातली मांडी आणि फॉर्ममधली मांडी जुळत नाही, नामंजूर.

पत्र बदललं. जुलैअखेर तिसरं उत्तर आलं. खुर्ची मंजूर. सीट पुढेमागे सरकवण्याचे भाग नामंजूर. ते मूल वाढल्यावर लागतील, तेव्हा अर्ज करावा.

त्या खुर्चीची सीट त्याच भागांवर बसते. ते काढले तर उरतात चार चाकं. बर्नाडीनबाईंनी आमच्या मालकांच्या मागे लागून अख्खी खुर्ची आधीच मागवून ठेवली होती. ती गोदामात प्लास्टिकमध्ये उभी होती. पूर्ण मंजुरीशिवाय ती दाराबाहेर जाऊ शकत नव्हती.

ओडेसाची आई लव्हॉन ऑफिसात आली. "मिस बर्नी, मी काय करू सांगा. पोरीला खायला घालू नको का?"

"घाल. कंपनीला कळू देऊ नकोस."

लव्हॉन हसली, मग तोंड फिरवून बसली.

बर्नाडीनबाईंनी विमा कंपनीच्या, नकार देणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर, तुम्ही कशाचे?"

"डोळ्यांचा."

"बरं झालं. म्हणजे फाइल दिसली असेल."

"बाई, आजची गरज आजच्या मापावर ठरते."

"म्हणजे मुलगी वाढणार नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग वाढणार?"

"तेही म्हटलं नाही."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "पुस्तकवाले, काढ तुझं एम.ए. बाहेर. दाखला लिहायचाय. त्यांच्या भाषेत."

मी लिहिलं: 'सदर सदस्य, वय सहा वर्षे, हिची उंची, मांडी व खांदे पुढील तीन वर्षे वाढणार नाहीत, असे मी वैद्यकीय आधारावर प्रमाणित करतो.' खाली सहीसाठी रेघ. मला वाटलं, आता दोघींची नोकरी जाणार. त्यांनी तो फॅक्स केला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका अदबशीर तरुणाचा फोन आला. "मॅडम, हा कसला फॉर्म?"

"तुमचाच निर्णय आहे. फक्त सही राहिलीय."

"कोणाची?"

"ज्यांनी निर्णय घेतला त्यांची."

नंतरच्या आठ दिवसांत पाच जणांचे फोन आले. एकीने विचारलं, मूल न वाढण्याचा कोड कोणता. कायदा विभागातल्या गृहस्थांनी विचारलं, तीन वर्षांऐवजी सहा महिने चालतील का.

"चालतील," बर्नाडीनबाई म्हणाल्या. "करा सही."

त्यांनी विचार करून कळवतो म्हटलं.

कोणीच सही करेना. आणि सहीची रेघ रिकामी असलेला कागद आत असेपर्यंत त्यांच्याकडे फाइल बंद करता येत नाही. हे बर्नाडीनबाईंना ठाऊक होतं. उघडी फाइल दर शुक्रवारी वरच्या साहेबांच्या यादीत जाते, हेही.

चौदा ऑगस्टला मंजुरी आली, सगळ्या भागांसकट. शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ होती: दाखला मागे घेण्यात यावा.

"घे मागे," त्या म्हणाल्या. "लेखी दे."

मी टाइप केलं: 'ओडेसा पेटवे हिची वाढ होऊ शकते.' त्या वाक्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. बर्नाडीनबाईंनी खाली फाइलचा नंबर घातला.

अठराला सकाळी लव्हॉनचा फोन आला. ड्रायव्हरने खुर्ची चार कड्यांना बांधली, पट्टे तपासले. बस गेली.

"बसली कशी?"

"ताठ. सीट गुडघ्याच्या जरा आधीच संपतेय, मिस बर्नी. परत वाढली वाटतं."

"दुपारी माणूस पाठवते. दोन स्क्रू ढिले करायचे, सीट पुढे घ्यायची. मिनिटाचं काम."

त्यांनी फोन ठेवला. डब्यातले पिएरोगी, म्हणजे कोबी भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेतले आणि गोदामात खुर्चीच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन बसल्या. रोज त्या टेबलावरच जेवतात. त्या दिवशी पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. फॅक्स वाजला तेव्हा मीच उठले.