शून्याचं टोक

माणसाने उभारलेली प्रत्येक वास्तू शून्यातून उभी राहते. उद्घाटनांच्या भाषणांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते खोटं असावं असं मला वाटू लागलं होतं. पण आमच्या गावापुरतं ते खरं होतं. आमच्या गावातलं शून्य नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातले शिपाई रसूलभाई मुलाणी यांच्या उजव्या मुठीत असे, आणि कामाला लागण्यापूर्वी ते त्या मुठीतली तंबाखू झटकून घेत.

बांधकाम परवानगीचा प्रस्ताव आला की विभागाचे इंजिनिअर साहेब जागेवर जाऊन मोजमाप घेत. साहेब येत, बदलून जात. फीत मात्र एकच होती, पन्नास मीटरची, डबीत गुंडाळलेली, उन्हाने फिकट झालेली. साहेब डबी घेऊन पुढे चालत आणि शेवटी आकडा वाचत. रसूलभाई मागे, हद्दीच्या दगडापाशी उकिडवे बसत. दगडावरच्या खुणेला मुठीची कड बरोबर लावत, मग फीत मुठीतून ताठ बाहेर पडे. टोकाला त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, पण ती दिसायची फक्त फीत डबीत जाताना. ते टोक ते दुसऱ्या कुणाला धरू देत नसत.

"आकडा सायेब वाचत्यात," ते म्हणत. "शून्य मी धरतो. आकडा चुकला तर पुन्यांदा वाचता येतो. शून्य हाललं की समदं गावच हाललं."

मी इथे माझं छोटं ऑफिस थाटलं तेव्हा लोकांचे नकाशे काढणे आणि ते मंजूर करून आणणे हा माझा धंदा ठरला. पहिला नकाशा गावाच्या लोणावळ्याकडच्या बाजूच्या एका बंगल्याचा होता. खाली दोन गाड्यांचं पार्किंग मी मोठ्या कौतुकाने रंगवलं होतं. तो घेऊन कचेरीत गेले तेव्हा साहेब जेवायला गेले होते. रसूलभाईंनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"ताई, ह्या गाडीतनं मानूस उतरनार कुटनं?"

मी म्हणाले, "दारातून."

"दोन्हीकडं भिंत हाय. कागदावरच्या गाड्यांना दारं नसत्यात, म्हनून त्या कुटंबी बसत्यात."

पाच वर्षं शिकून आलेल्या माणसाला हे ऐकवण्यासाठी त्यांना पगार मिळत नव्हता. मी भिंत सरकवली. तेव्हापासून प्रत्येक नकाशात गाडी काढली की मी तिची दारं उघडी काढते. माझ्या हाताखालच्या मुलींना ही माझी शैली वाटते.

मोठ्या माणसांसमोर त्यांचा आवाज बदलत नसे. एकदा एका मंगल कार्यालयाचं भूमिपूजन होतं. हार, सनई, मांडव, आणि नकाशाची आखणी करून झालेल्या जागेवर रांगेत उभे राहिलेले सात-आठ पुढारी. रसूलभाई चुन्याच्या रेघेकडे पाहत होते. अखेर ते पाहुण्यांपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "सायेब, तुमी समदे भिंतीत हुबे हात. जरा हालमधी या." पाहुणे दोन पावलं पुढे आले. फोटोत ते सगळे खाली पाहत आहेत, आणि वर्तमानपत्राने त्याखाली 'भावुक क्षण' असं छापलं.

त्यांची खरी गोष्ट मात्र गाड्यांच्या शोरूमची आहे, आणि तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

आंबीच्या रस्त्याला एका शेठनी मोक्याची जागा घेतली. काचेचं भव्य शोरूम, मागे दुरुस्तीचं वर्कशॉप, आणि बाजूने गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी चौदा गाड्यांची एक ओळ. नकाशा माझा. जागेच्या एका अंगाला शेतांकडे जाणारी पाणंद आहे. शेठनी त्या बाजूला नवी भिंत घालून घेतली होती, आतून मातीचा उंचवटाही केला होता. मी रुंदी त्या भिंतीपासून धरली, चाळीस मीटर. मोजणीच्या जुन्या नकाशात हद्दीचा दगड दाखवलेला होता. तो जागेवर दिसला नाही, आणि मी तो शोधला नाही. शेठ म्हणाले, "ताई, भिंत आहे ना समोर, दगड कशाला हवाय?" मला ते पटलं. पटून घेणं माझ्या सोयीचं होतं. शोरूमला दसरा गाठायचा होता.

पाणंदीच्या पलीकडे भिकाभाऊंचं भात होतं. भिंत झाल्यापासून त्यांची ट्रॅक्टरची ट्रॉली कोपऱ्यावर वळेना. त्यांनी कचेरीत हरकत दिली. एका पानाचा अर्ज, त्यातलं मुख्य वाक्य एकच: "भात काढायला आल्यावर ट्रॉली आम्ही उचलून वळवावी काय?"

इथे शबानाबद्दल सांगायला हवं. ती रसूलभाईंची मुलगी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात केलेली, चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये कामाला. सकाळी घोरावाडीहून गाडी पकडायची आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर उतरायचं. रसूलभाई रोज स्टेशनवर तिला घ्यायला जात आणि सहज आलो असं सांगत. रोज सहज. त्या माणसाला कुणाकडून काही मागावंसं वाटलं असेल तर हेच, की पोरीला घराजवळ काम मिळावं. शेठना हे कुणीतरी सांगितलं होतं.

पाहणीच्या दिवशी शेठनी रसूलभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, शबानाचं काम झालं समजा. सर्व्हिस काउंटर. घरापासनं चालत दहा मिनिटं."

"तिचं काम ती बघंल, शेठ," रसूलभाई म्हणाले. तंबाखू झटकली. "दगड कुटंय?"

"भिंतीपासनंच मोजा ना. ताईंनी नकाशा तिथनंच काढलाय."

रसूलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती. पहिल्या नकाशाकडे त्यांनी असंच पाहिलं होतं.

"ताईंनी कागदावरनं काढलाय. दगड मातीत आसतो."

ते रस्त्याच्या मोरीपाशी गेले आणि तिथून पावलं टाकत आले. याच जागेच्या मोजणीत आपण अनेक वर्षांपूर्वी टोक धरलं होतं, असं ते चालता चालता साहेबांना सांगत होते. हिरवळीच्या उंचवट्यावर थांबले. "कुदळ आना."

शेठ म्हणाले, "हिरवळ कालच बसवलीय."

"मंग मुळं धरली नसत्याल. सोपं जाईल."

साहेब तरुण होते, पहिलीच नेमणूक होती. त्यांनी एकदा शेठकडे पाहिलं, एकदा पाणंदीत उभ्या असलेल्या भिकाभाऊंकडे, आणि मान हलवली. कुदळीच्या चौथ्या घावाला दगड वाजला. भिंतीच्या आत दोन मीटर. दगड नव्या भिंतीपेक्षा कितीतरी लहान होता, पण सगळे त्याच्यावर वाकून पाहू लागले. मी सर्वांत शेवटी.

रसूलभाई उकिडवे बसले. खुणेवरची माती बोटाने साफ केली, मूठ टेकवली. "चला सायेब." साहेब फीत सोडत शेजारच्या हद्दीपर्यंत गेले. "अडतीस मीटर दोन सेंटिमीटर."

पाच मीटर लांबीच्या गाड्यांसाठी आता तीन मीटरची पट्टी उरली होती. चौदाच्या चौदा गाड्या कागदावरून उतरून गेल्या, दारं न उघडता.

शेठना ते मान्य होईना. "शिपायाच्या मुठीवर आमचा धंदा ठरणार का? आणा इकडं." त्यांनी स्वतः टोक घेतलं, गुडघ्यावर बसून ते दगडाच्या खुणेला लावलं. साहेबांनी पुन्हा वाचलं. आकडा दहा सेंटिमीटरने जास्त आला.

"बघा, फरक पडतोय," शेठ विजयाने म्हणाले.

"पडनारच," रसूलभाई म्हणाले. "तुमाला शून्य धराय येत न्हाई."

पाणंदीतून भिकाभाऊ हसले. "शेठ, निस्तं बसून व्हत न्हाई. त्येला हात लागतो रसूलभाऊचा."

गाडी कंपनीचा पुण्याहून आलेला माणूस एवढा वेळ सावलीत उभा होता. त्याने खिशातून लेझरचं छोटं यंत्र काढलं, दगडाच्या खुणेवर ठेवलं, बटण दाबलं. परदेशी यंत्र होतं. त्याने आकडा दाखवला: अडतीस मीटर दोन सेंटिमीटर. तो रसूलभाईंच्या मुठीकडे बघत राहिला. साहेबही. माझ्या डोक्यात त्या क्षणी परंपरा, कारागिरी, लोकज्ञान असे बरेच शब्द येऊन गेले. रसूलभाई तोवर फीत पुसून गुंडाळू लागले होते.

साहेबांनी शेरा लिहिला: पार्किंग अपुरे, पाणंदीवर अतिक्रमण, प्रस्ताव परत. शेठ रसूलभाईंना एवढंच म्हणाले, "पोरीचा तरी विचार करायचात."

"क्येला," ते म्हणाले. "तिच्याबी ट्रॉलीला वळाय जागा पायजे."

त्या रात्रीच्या जेवणाबद्दल शबानानेच मला पुढे सांगितलं. ती म्हणाली होती, "अब्बा, तुमची फीत बरोबर माझ्या नोकरीवरनं गेली." ते म्हणाले, "आडवी हुती. मी काय करू?" मग दोघंही जेवले. दुसऱ्या दिवशी ते सहज स्टेशनवर गेले.

मी नकाशा नव्याने काढला. काचेचं दालन लहान केलं, वर्कशॉप मागे ढकललं, भिंत पाडून दगडाच्या रेषेत आणली. आता बारा गाड्या बसत होत्या आणि बाराहींची दारं उघडत होती. शेठ दसऱ्याच्या नावाने आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. परवानगी आली आणि शोरूम पुढच्या पाडव्याला सुरू झालं. उद्घाटनाला शेठनी भाषणात सांगितलं की शेतकऱ्यांची सोय पाहूनच आपण भिंत मागे घेतली. भिकाभाऊंनी टाळ्या वाजवल्या. त्यांची ट्रॉली वळत होती, त्यामुळे त्यांना भाषणाबद्दल काही तक्रार नव्हती.

सर्व्हिस काउंटरवर शेठनी दुसरी मुलगी ठेवली होती. सात-आठ महिन्यांत ती सोडून गेली. जाहिरात मोबाइलवर आली, शबानाने अर्ज केला, मुलाखत पुण्याच्या ऑफिसात झाली. तिथल्या बाईंना ना दगड माहीत होता ना मूठ. त्यांनी इंजिनाबद्दल विचारलं आणि शबानाला इंजिनाबद्दल सगळं माहीत होतं. शेठना कळलं तेव्हा तिची पहिली हजेरी लागून गेली होती. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मी भाईंना शब्द दिलाच होता." हल्ली कुणी पाणंदीच्या तोंडाशी गाडी लावली की शबाना काउंटर सोडून बाहेर येते. "काका, आत घ्या गाडी. आमच्याकडं दारं उघडतात."

मागच्या वर्षी रसूलभाई निवृत्त झाले. निरोप समारंभ सभागृहात झाला. त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं होतं. त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना किती जागा आहे हे ते डोळ्यांनी मोजत होते. भाषणं झाली. या शहराचा पाया, निष्ठेचं दुसरं नाव, यंत्रालाही लाजवणारा हात. लेझरची गोष्ट तिघांनी सांगितली आणि तिसऱ्याच्या तोंडी यंत्र जर्मनीहून खास त्यासाठीच मागवलेलं होतं. मीही बोलले. खरं सांगायचं तर मी जरा जास्तच बोलले. शेवटी त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले, शाल सावरली आणि म्हणाले, "मी निस्तं टोक धरलं. चाललात तुमी." मग खाली बसले. नंतर ते उर्स्याला भावाच्या शेतावर राहायला गेले.

त्यांच्या जागी नवा शिपाई आला. पुढच्याच आठवड्यात माझ्या एका प्रस्तावाची पाहणी होती. नव्या शिपायाने टोक दगडाला लावलं, आणि माझ्या नकाशापेक्षा दहा सेंटिमीटर जास्त भरले. दुसरी बाजू मोजली. तिथेही दहा सेंटिमीटर जास्त. तिसऱ्या बाजूला साहेब थांबले, मागे आले आणि त्यांनी टोकावरची काळी चिकटपट्टी नखाने सोडवली. खाली, फितीच्या टोकाला असते ती पितळी कडी नव्हती. फीत तिथे तुटलेली होती आणि तिच्यावरचा पहिला आकडा अकरा होता.

साहेबांनी स्वतःची मूठ मिटून फितीवर ठेवून पाहिली. नऊ सेंटिमीटर. नव्या शिपायाची साडेआठ. माझी सांगत नाही. दहाची मूठ उर्स्याला गेली होती.

कचेरीत परतल्यावर साहेबांनी जुन्या फायली काढल्या. रसूलभाईंच्या अक्षरातला अर्ज सापडला, सात वर्षांपूर्वीचा. 'फीत सुरुवातीला तुटली आहे, तरी नवीन मिळावी.' त्यावर आवक शिक्का होता, आणि तेव्हाच्या साहेबांचा शेरा: 'सध्याच्या फितीने काम समाधानकारक चालू असल्याने मागणी दप्तरी दाखल करावी.'