काकूजींची गवसणी

“उघडं काही ठेवू नये रे,” असं म्हणत त्या समोरच्या वस्तूवर काहीतरी घालायच्या. माठावर, मिक्सरवर, टीव्हीच्या रिमोटवर. गॅसच्या सिलिंडरला तर त्यांनी झालरीचा फ्रॉक शिवला होता. गल्लीतली पोरं त्याला ‘काकूजी की बिटिया’ म्हणायची.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. झाशीत आमच्या नगरा मोहल्ल्यात त्या होत्या. मराठीतली काकू आणि इकडचं जी जोडून सगळे त्यांना काकूजी म्हणत, भाजीवालासुद्धा. हिंदी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आवाज इतका हळू, की ऐकायला माणूस आपोआप पुढे वाकायचा. शाळेत म्हणे त्यांच्याच वर्गात सगळ्यात जास्त शांतता असे.

मुलानं बंगळूरूहून आपला जुना लॅपटॉप पाठवला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला गवसणी शिवली. तंबोऱ्याला असते ना, अंगाबरोबर बसणारी, तशी. जुन्या नऊवारीचं कापड, खाली कापसाचा थर, वायरीपुरतं एक काज. झाकण उघडलं की पडदा आणि कळा तेवढ्या दिसत.

त्या लॅपटॉपवर दर रविवारी पाच वाजता मराठीचा वर्ग भरायचा. पोरं झाशीच्याच घरांतली, पण आता भोपाळ, नोएडा, ग्वाल्हेरला राहणारी. आजीचं मराठी त्यांना कळायचं, तोंडातून मात्र हिंदी यायचं. अकरा पोरं होती.

“काकूजी, मैंने पोहे खाए।”

“मराठीत सांग, नाहीतर पोटाला कळायचं नाही.”

“मी पोहे... खायलं.”

“हां, आता कळलं पोटाला.”

चूक काढत नसत. मला एकदा म्हणाल्या, “आमच्यामागे अजून एक पिढी बोलली, की माझं काम झालं. पुढचं पुढचे बघतील.” मूल अडलं की त्या थांबायच्या, कितीही वेळ. ते थांबणं आमच्या खिडकीतूनही ऐकू यायचं.

पहिल्या वर्षी लॅपटॉपचा पंखा फक्त उन्हाळ्यात फिरला. पुढच्या वर्षी थंडीतही. मग वर्ग सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत, की घरघर. भोपाळच्या पोरानं विचारलं, “काकूजी, आप हेलिकॉप्टर में बैठी हो क्या?” सगळे हसले. त्याही हसल्या.

पण तो आवाज त्यांच्या बोलण्यावर चढायचा. म्हणून त्या ओरडून शिकवायला लागल्या. आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या, त्यामुळे ते जमायचं नाही. ‘सांग ना बाळा’ हे ओरडून म्हटलं की दटावल्यासारखं होतं. एका आईचा निरोप आला, “काकूजी, बच्ची थोड़ा डर जाती है।” अकराचे सहा झाले, सहाचे दोन.

तेव्हा त्यांनी मला बोलावलं. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. वडील फिटर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. त्या दिवशीही सोडली नाही.

मी त्यांना सगळं समजावलं. मशीन जितकं काम करतं तितकं तापतं, तापलं की पंखा फिरतो. नवे प्रोग्राम जड असतात, मागं गुपचूप चालू राहतात, जुन्या मशीनला झेपत नाहीत. सगळं खरं होतं. दहा-बारा प्रोग्राम बंद केले. कळांवरून बोटं फिरवून जेवढं होतं तेवढं केलं. मशीन उचलून खालून बघितलं नाही.

“म्हणजे वय झालं त्याचं,” त्या म्हणाल्या.

“हो काकूजी. वय झालं.”

“वर्गापुरता पंखा बंद नाही का ठेवता येत? तासभर?”

“जळून जाईल.”

“नको मग. फिरू दे बिचाऱ्याला.”

पुढच्या महिन्यात उरलेली दोघंही यायची बंद झाली.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी गवसणी धुवायला काढली. दुपारी मला दारातूनच हाक मारली. “अरे, इकडे ये जरा. दोन तास झाले लावून, आज हा गप्प कसा?”

मी गेलो. लॅपटॉप टेबलावर नुसता होता. उलटा केला. खाली हवा आत घ्यायची जाळी असते. ती कापसाच्या तंतूंनी अर्धी बुजली होती. कापसाच्या थरातून हवा मिळत नव्हती, म्हणून मशीन तापायचं. तंतू जसे साठत गेले तसा पंखा जास्त फिरत गेला. एवढंच होतं. ब्रश मारायला पाच मिनिटं लागली.

“गवसणीमुळे, काकूजी. श्वास कोंडत होता त्याचा.”

त्यांनी ब्रशला चिकटलेला कापूस चिमटीत घेतला. मग म्हणाल्या, “म्हणजे मीच केलं की हे. माझ्याच हातानं.”

पहिल्याच दिवशी मी हे उचलून बघायला हवं होतं, हे वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. मी म्हणालो, “होतं असं.”

त्यांनी सगळ्या घरांना निरोप पाठवला. ‘आता आवाज येत नाही. रविवारी पाच वाजता या.’ रविवारी इस्त्रीची साडी नेसून बसल्या. मलाही बसवलं, काही अडलं तर असावा म्हणून. पडद्यावर आम्ही दोघंच दिसत होतो. पाच वीसला नोएडाहून एका आईचा निरोप आला, ‘काकूजी, संडे को अब इसकी डांस क्लास रहती है।’ पुढे जोडलेले हात. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘बरं बाळा. छान नाच.’ सहा वाजता मला म्हणाल्या, “जा तू. तुझा रविवार गेला.”

मी घरी येऊन जेवलो. काही वाटलं नाही.

गेल्या थंडीत त्या वारल्या. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी त्या नव्हत्या. मुलगा आला, तेरावा करून कुलूप लावून गेला.

परवा इलाइट चौराह्याजवळच्या एका हॉलात मुंज होती. नोएडाची ती डान्सवाली मुलगी आईबरोबर आली होती. आईनं ओळख करून दिली, “ये काकूजी के पड़ोस वाले भैया।” मुलगी माझ्याशेजारीच पंगतीला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “भैया, काकूजी हमसे गुस्सा क्यों रहती थीं?”

“रागवत नव्हत्या,” मी मराठीतच म्हणालो. “मशीन आवाज करायचं, म्हणून ओरडायला लागायचं त्यांना. मशीन बघायला मला बोलावलं होतं. मी नीट बघितलं नाही.”

तिला कळलं. सगळं कळलं.

“तो ये आपने काकूजी को बताया था?”

“नाही.”

वाढपी मीठ घेऊन आला. मी पान पुढे ओढलं.