असंच झालं होतं ना जी?

उद्या चित्रगुप्त रजेवर गेला, तर यमराजाने त्याच्या जागी माझ्या रूमपार्टनरला मुळीच बसवू नये. नरकाच्या दारातली रांग पार तिरोड्यापर्यंत येईल. कारण हा पठ्ठ्या प्रत्येक पाप्याला त्याचं पाप आधी वाचून दाखवेल आणि विचारेल, "असंच झालं होतं ना जी?" पाप्याने मान डोलावल्याशिवाय तो कोणालाही उकळत्या तेलात पडू देणार नाही.

आत्ता-आत्तापर्यंत गोंदियात आम्ही दोघं मेडिसिनचे रेसिडेंट होतो. हल्ली डॉक्टर व्हायला नुसते पेशंट तपासून भागत नाही. तपासताना आपल्या मनात काय झालं तेही लिहावं लागतं. त्याला रिफ्लेक्शन म्हणतात. काय घडलं, त्यातून काय शिकलो, पुढे काय वेगळं करीन, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची, पोर्टफोलिओत लावायची आणि विभागप्रमुख मॅडमची सही घ्यायची. आम्ही बाकीचे यात तरबेज झालो होतो. माझं प्रत्येक रिफ्लेक्शन 'या प्रसंगातून मला संवादाचे महत्त्व कळले' या वाक्यावर सुखरूप उतरायचं. एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो, तेव्हासुद्धा मला संवादाचं महत्त्वच कळलं होतं. रूमपार्टनरचं मात्र निराळं. तो तिरोड्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला. बांधावरचा तंटा असो की सोयरीक, दोन्ही बाजू समोर बसल्याशिवाय त्याच्या घरी काही पक्कं होत नसे. त्यामुळे पेशंटबद्दलचा मजकूर पेशंटच्या पाठीमागे पक्का करणं त्याला चहाडी वाटायची.

बोदलकशाच्या तलावावर मासे धरणारे एक काका होते. त्यांच्या छातीतलं पाणी याने काढलं, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि वर 'मी शांत होतो' असं लिहिलं. रविवारी मला गाडी काढायला लावून तो तलावावर मंजुरी घ्यायला गेला. काकांनी जाळं बाजूला ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "शांत कायचे जी? सुई तुमच्या हाती, अन् धीर मीच देऊन रायलो होतो." शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, तेही लिहायला लावलं. खरा भडका पुढे उडाला. पेशंटची ओळख लिहायची नसते, म्हणून याने 'एक पुरुष, वय पंचावन्न' एवढंच लिहिलं होतं. "काऊन? मले नाव नाई का?" काकांनी विचारलं. याने गुप्ततेचा नियम समजावला, तर त्यांनी सगळा मोहल्ला गोळा केला आणि आपल्या छातीतलं पाणी ज्याला ठाऊक नाही त्याने हात वर करावा म्हणाले. एकही हात वर झाला नाही. शेवटी 'एक नावाजलेला पुरुष' यावर तडजोड झाली. निघताना मिळालेल्या माशांमुळे आमच्या गाडीमागे मांजरांची जी मिरवणूक लागली, ती गोंदियाचं रेल्वे फाटक पडलं म्हणूनच थांबली.

अशाने पोर्टफोलिओ भरणार कधी? तरी भरला. एकच पान राहिलं. एका मृत्यूबद्दल लिहिणं सक्तीचं होतं. त्यावाचून मॅडम सही करणार नव्हत्या आणि सहीवाचून परीक्षेचा फॉर्म जाणार नव्हता. सोमवार शेवटचा. दरेकशाच्या एका बाईबद्दल याने केव्हाच लिहून ठेवलं होतं, पण ते पान तो लावत नव्हता. मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "वाचून कोणाले दाखवू बे? जिचं हाये, ते तर गेली." मला वाचून दाखव म्हटलं. त्याने वाचलं, मी दुसऱ्या ओळीलाच मंजुरी दिली. "तू त कायलेबी हो म्हनतेस," म्हणत त्याने कागदाची घडी घातली आणि रविवारी पॅसेंजरने तो दरेकशाला, त्या बाईच्या नवऱ्याकडे निघाला. मीही सोबत होतो. तिथे मार बसेल, आणि वर वर्षही जाईल, असं मी वाटभर बजावत होतो. तो खिडकीबाहेरचं जंगल बघत होता.

नवरा नुकताच रानातून परतला होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. हा वाचत गेला, तो हुंकार देत राहिला. 'मृत्यूची बातमी मी पतीला योग्य शब्दांत दिली' या वाक्यावर हुंकार थांबला.

"हे नाई झालं," तो म्हणाला. "तुमी कायी बोललेच नाई. तोंड उघडलं, बंद केलं, अन् माह्या बाजूले बाकावर बसले. तवाच समजलं मले."

रूमपार्टनरने ते वाक्य खोडलं. मग मान खाली घालून त्याने तिसरा प्रश्न त्या माणसालाच विचारला, पुढच्या वेळी काय वेगळं करू म्हणून.

"कायी नोका करू," तो म्हणाला. "बसत जा."

सोमवारी मॅडमनी ते पान वाचलं. तिसऱ्या प्रश्नाखाली दोनच शब्द होते. खोडलेल्या वाक्यावर त्यांचं बोट जरासं थांबलं. मग त्यांनी सही केली आणि, कधी नव्हे ते, एकही शेरा मारला नाही.

दोघंही पास झालो. तो आता लांबच्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे, आणि मी शहरात, जिथे वाईट बातमी सांगायचे शब्द माझ्याकडे अगदी तयार असतात. ते सांगून झाल्यावर कधीकधी त्याच्याशी बोलावंसं वाटतं. फोन लावतो, तो वाजत राहतो, पण हा उचलत नाही. आधी राग यायचा. आता मी मुकाट्याने फोन ठेवतो. बसला असेल कुठेतरी, कोणाच्या तरी बाजूला.