दीड इंच खाली

तोंडावर सगळे त्याला उस्ताद म्हणायचे आणि पाठ फिरली की उंट. सहा फूट दोन इंच उंची, त्यात मान पुढे काढून चालायची सवय, मग लोकांनी तरी दुसरं काय म्हणावं! शिवाय सल्ले द्यायची खोड. कुणी विचारो न विचारो, हा बोलणारच. उंटावरचा शहाणा काय उगाच म्हणतात का, असं समोरचा पंक्चरवाला दिवसातून एकदा तरी म्हणायचा. अर्थात हळू आवाजात.

पेट्रोल पंपामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. सामानाचे तीन-तीन डबे लावून माणसं आठवडाभर फिरायला जातात ना, तसल्या थोराड मोटरसायकलींना त्या भागात फक्त हाच हात लावायचा. हाताला गुण होता, ते मान्य करायलाच हवं. नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला झालाय ते सांगायचा. पण जिभेला काही हाड? गिऱ्हाईक आत आलं की हा आधी त्याचे पाय बघणार. गाडीवर बसल्यावर टाचा जमिनीला टेकत असतील तर तो माणूस, नाहीतर कचरा. एक बुटके शाळामास्तर गाडीची उंची कमी करून मागायला आले, तर चार लोकांत त्यांना म्हणाला, "मास्तर, त्यापेक्षा सीटला शिडी लावून देतो की!" मास्तर पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत. त्यांच्यासारखे किती आले आणि लाल कान घेऊन परत गेले. गाडी खाली बसवायचं काम उस्तादने पंचवीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. न केलेल्या कामाबद्दल ज्ञान मात्र गाडाभर.

घरातही तेच. त्याची धाकटी बहीण पावणेपाच फुटांची. तरुणपणी तिने मोटरसायकल शिकायचा हट्ट धरला, तेव्हा यानेच मोडता घातला होता. "पाय पुरत नाहीत तुझे," म्हणाला, आणि विषय संपला. ती गप्प बसली. तिची मुलगी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. उंची आईचीच, तसूभर जास्त नाही. दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी, रजेवर रजा साठवलेल्या, आणि एक दिवस बाईसाहेब गाडी घेऊनच मामाच्या दारात हजर. गाडी म्हणजे हे एवढं धूड! भाची थांबली की एका पायाच्या चवड्यावर तोल धरून उभी राहायची.

"मामा, खाली करून दे. दीड इंच बास."

"आधी तू वाढ दीड इंच. मग बघू."

"अरे, मस्करी नको. रविवारी परीक्षा आहे माझी."

परीक्षा कसली, तर ऐका. गावात मोटरसायकलवाल्यांची एक टोळी होती. चामड्याची जाकिटं घालून दुधाच्या पिशव्या आणायला जाणारी मंडळी! वर्षातून एकदा मात्र ते खरोखर लांब जायचे, डोंगरांपलीकडे, अठरा दिवस. यंदा एक जागा रिकामी होती आणि भाचीला ती हवी होती. टोळीचा कप्तान दातांचा डॉक्टर. त्याने अट घातली होती, रविवारी सकाळी मैदानात यायचं, सामानासकट गाडी चढावर थांबवायची, साइड स्टँडवर लावून उतरायचं, गाडीभोवती एक चक्कर मारायची, पुन्हा बसून निघायचं. गाडी पाडली तर घरी. ही अक्कलही कप्तानला उस्तादनेच शिकवली होती. बुटक्या माणसाच्या हातून गाडी पडते म्हणजे पडते, हे उस्तादचं ब्रह्मवाक्य त्या टोळीला पाठ होतं.

चार दिवस उस्तादने गाडीला हात लावला नाही. आज वेळ नाही, उद्या मूड नाही. शेवटी शनिवारी बहिणीचा फोन आला. "दादा, माझं राहिलं ते राहिलं. पोरीचं एवढं कर."

तेव्हा कुठे उठला, तेही तोंड वाकडं करून. मागच्या सस्पेन्शनला लिंक नावाच्या दोन लोखंडी पट्ट्या असतात. त्या काढून थोड्या लांब पट्ट्या बसवल्या की गाडीची मागची बाजू खाली बसते. पुढच्या चाकाला धरणारे दोन दांडे, म्हणजे फोर्क, त्याच हिशेबाने क्लॅम्पमध्ये वर सरकवले की पुढची. काम सोपं, पण माप चुकता कामा नये. उस्तादचं माप चुकलं नाही. एकेक नट त्याने असा आवळला की बघत राहावं. भाचीने आणलेल्या पट्ट्यांच्या खोक्यात एक कागद होता, त्यावर चार सूचना छापलेल्या. पंचवीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या उस्तादला कागद काय शिकवणार? त्याने त्या कागदालाच हात पुसले. त्यातली तिसरी सूचना अशी होती की गाडी जितकी खाली येईल, त्या हिशेबाने साइड स्टँडही कापून आखूड करावा. नाहीतर गाडी स्टँडवर कलत नाही, सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे पडते.

नुसती नजर टाकली असती तरी कळलं असतं. पण त्याच्या गॅरेजात गाडी साइड स्टँडवर लागायचीच नाही. मागचं चाक उचलून धरणारी लोखंडी घोडी होती त्याच्याकडे, आली गाडी की चढव घोडीवर. साइड स्टँड म्हणजे आळशाची काठी, असं तो म्हणायचा. रविवारी सकाळी गाडी घोडीवरच होती, सामानाचे डबे घोडीवरच चढले, भाची घोडीवरच बसली आणि मामाने मागून गाडी खाली सोडली.

भाचीच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. तिने खाली बघितलं, पुन्हा बघितलं आणि हेल्मेटमधूनच "मामा!" म्हणून अशी ओरडली की पंक्चरवाला बाहेर आला. उस्तादला बरं वाटलं. कबूल केलं असतं तर जीभ झडली असती, म्हणून तो म्हणाला, "चल, उशीर होतोय."

मैदानात टोळी चहाचे कागदी पेले घेऊन उभी होती. भाची चढावर गेली. थांबली, दोन्ही पाय टेकून, लोण्यातून सुरी फिरावी तशी सहज. कप्तानच्या भुवया वर गेल्या. तिने साइड स्टँड काढला, गाडी डावीकडे कलेल म्हणून सोडली, पण ती कललीच नाही. खांबासारखी सरळ. उस्तादला खालून ते दिसलं. "सोडू नको!" म्हणून तो ओरडेपर्यंत भाचीने पाय मागून फिरवून उतरताना सीटला जरा धक्का दिला होता. धूड उजवीकडे गेलं. असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले.

"गेली," कप्तान म्हणाला आणि त्याने चहाचा घोट घेतला.

उस्ताद धावत गेला. भाचीला लागलं नव्हतं. उजवीकडचा डबा फुटून तिचे कपडे, औषधं, गुंडाळी केलेली चादर सगळं मातीत. तो टोळीकडे वळला आणि जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाला, "चूक माझी आहे. गाडी खाली बसवली आणि स्टँड कापायचा राहिला. हिची काही चूक नाही."

टोळीने एकमेकांकडे बघितलं. मग कुणीतरी फिसकन हसलं.

"उस्ताद, सख्खी भाची, आतडं तुटणारच," कप्तान त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "पण तुमच्या हातून चूक? आणि तीही स्टँडची? अहो, तुम्हीच सांगत आलात ना, पाय न पुरणाऱ्याची गाडी पडते म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं!"

"अरे गाढवा, दाखवतो ना तुला! उचला गाडी!"

चौघांनी गाडी उचलली, चढावरून खाली सपाटीला आणली आणि उस्तादने ती साइड स्टँडवर लावली. आता मेली डावीकडे कलली. कलणारच, उजवा डबा फुटून पडला होता, वजन होतं ते सगळं डाव्या डब्यात. अशी ऐटीत उभी राहिली की जाहिरातीत लावावी.

"उभी आहे की नीट," कप्तान म्हणाला. यावर सगळे मोकळेपणाने हसले. उस्ताद स्टँडकडे बोट दाखवून काहीबाही सांगत राहिला, अंश, कल, वजन, पण ऐकतो कोण? पंचवीस वर्षं त्याचंच ऐकून ते शहाणे झाले होते. ती जागा त्यांनी तिथेच कप्तानच्या मेव्हण्याला दिली. मेव्हणा सहा फूट होता. गाडी यथातथाच चालवायचा, पण टाचा टेकत होत्या.

भाची मातीतले कपडे झटकून गोळा करत होती. उस्ताद तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. "अगं, त्यांना जाऊ दे खड्ड्यात. तू ऐक. खरंच माझी चूक आहे. आत्ता गॅरेजात चल, स्टँड कापतो, जोडून देतो, तू स्वतः बघ."

"पुरे, मामा."

"अगं, पुरे काय? तू एवढी छान थांबवलीस! मी बघितलं ना!"

"मामा, पुरे रे," ती हसली. डोळे भरलेले होते, तरी हसली. "लहानपणापासून तू सांगत आलास. आईलाही सांगितलंस. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, दीड इंचाने भागेल."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची आई सकाळपासून वाटच बघत बसली असणार.

"नाही गं झालं, आई," भाची म्हणाली. "नाही, लागलं नाही कुठे. पडली गाडी. माझेच पाय पुरले नाहीत. तू रडू नकोस हं. आणि ऐक, मामाला काही बोलू नकोस. सगळ्यांसमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता. खोटं बोलला माझ्यासाठी, आपला मामा! आपण किती नावं ठेवतो त्याला. इतका चांगला आहे गं तो."

उस्तादने फोन मागायला हात पुढे केला. तिने तो हात आपल्या हातात घेऊन घट्ट दाबला आणि आईशी बोलत राहिली.