उंदरांच्या वाटचं पाणी

परवा कूलरच्या गवतावर पाणी ओतलं आणि त्या ओल्या वासासरशी मी बीडच्या कॉलेजातल्या उंदीरखोलीत जाऊन पोचलो. नव्वदच्या दशकातला उन्हाळा, टँकर आलेला नव्हता. प्रयोगाच्या उंदरांसाठी ठेवलेलं पाणी मी आम्हा शिक्षकांच्या खोलीतल्या कूलरमध्ये ओतलं. सकाळी पाहतो तर व्यालेल्या उंदरिणीनं सगळी पिल्लं खाल्लेली.

"एकदा खाल्ली की दर वेताला खाती. मारावी लागंल हिला," उंदीर सांभाळणारे कादरचाचा म्हणाले. "काहून तोंड पाडलं सर? नात्यातली हाय का?"

ती तहानेली होती, एवढं मी म्हणालो असतो तर ती वाचली असती. मी नुसती कूलरमधल्या उरल्या पाण्यानं बाटली भरून पिंजऱ्याला लावली.

चाचांनी शेपटीला धरून ओढलं, तरी तिनं बाटलीची नळी तोंडातून सोडली नाही.