सुईण होऊन परत यायचं होतं

मी उत्तन सोडलं ते बापसाच्या होडीतून, मासळीच्या टोपल्यांमध्ये बसून. पावसाळा सरून दर्या शांत झाला होता. मुंबईच्या धक्क्यावर मासळी उतरवायची आणि त्याच फेरीत मलाही उतरवायचं, असं घरात ठरलं होतं. नवी साडी भिजू नये म्हणून आयने माझ्याभोवती शिडाचं जुनं कापड गुंडाळलं. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. रडली नाही. "शिकून ये, बाय. मी हाय तवर ये," एवढंच म्हणाली.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे पोटापाण्यासाठी पांगलात, त्या सगळ्यांना हे सांगते आहे. इजू शिकली आणि गावाला विसरली, असं माझ्याबद्दल अजून बोललं जातं. तसं झालं नाही. झालं ते वेगळंच.

माझी आय गावची सुईण होती. किनाऱ्यावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. शाळा संपली तेव्हा मला डॉक्टर व्हायचं होतं. शाळेतल्या एका ननने मला समोर बसवून सगळे रस्ते समजावून सांगितले. डॉक्टरकीला कॉलेज हवं, सायन्स हवं, पुष्कळ वर्षं हवीत. नर्सिंगला तीन-चार वर्षं हॉस्पिटलातच राहायचं, आणि नंतर नेतील तिथे नोकरी करायची. औषधं बनवणाऱ्या कंपाउंडरच्या कामात बाईला कोणी उभं करत नाही. राहिलं मिडवाइफचं शिक्षण. ते लवकर संपतं, आणि संपलं की आपल्या गावी बसून काम करता येतं. रात्री जेवताना हे सगळं मी घरी सांगितलं. बापसाने ताटात हात धुतला. मग म्हणाला, "डॉक्टरीन झालीस त घरी यायची न्हायस. सुईन झालीस त येशील." माझा निर्णय तिथेच झाला. चार रस्त्यांपैकी घराकडे परत येणारा एकच होता, तोच मी धरला.

मुंबईचं हॉस्पिटल म्हणजे दुसरंच जग. सिस्टर इंग्रजीत बोलायच्या, बायका गुजरातीत आणि हिंदुस्थानीत कण्हायच्या, आणि आम्ही शिकाऊ मुली कडक इस्त्रीच्या एप्रनमध्ये दोन्हींच्या मध्ये उभ्या. हात कोपरापर्यंत घासायचे, नखं तपासून घ्यायची, कात्री उकळायची, मूल आडवं असलं तर पोटावर हात ठेवून ओळखायचं. मला ते काम फार आवडलं. हॉस्टेलवर सुकटीचा वास चालत नसे, म्हणून बापसाने आणलेले बोंबील मी रखवालदाराच्या बायकोकडे ठेवायचे आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याच चुलीवर भाजून खायचे. खाताना मनात एकच हिशेब असे. गावातल्या बाळंतिणींच्या खोल्या शेणाने सारवलेल्या आहेत, तिथे फरशी नाही, पण पाणी उकळता येईल, कपडा उन्हात वाळवता येईल. मी सगळं मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं.

परीक्षा पास होऊन मी परत आले तेव्हा आयने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. आणि नंतरच्या कित्येक आठवड्यांत मला एकाही बाळंतपणाला नेलं नाही.

लग्न न झालेल्या मुलीने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. ती मला ठाऊक नव्हती असं नाही. शिकून आल्यावर ती मला लागू होणार नाही, असं मी धरून चालले होते. आयने माझ्यासाठी लोकांकडे शब्द टाकून पाहिला, पण कोणी ऐकेना. मग लग्नाचंही बघितलं. उत्तनची दोन घरं आणि शेजारच्या डोंगरी गावचं एक. तिघांनाही हॉस्पिटलात परक्यांची कामं केलेली मुलगी नको होती.

अशात मारीचे दिवस भरले. मारी माझी लहानपणची मैत्रीण, आम्ही एका पाटीवर अक्षरं गिरवलेली. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार झाली तरी सुटका होईना. मी त्यांच्या ओटीवर बसले होते. दारात तिची सासू उभी होती. वाईट बाई नव्हती, मला तिने पाणीही आणून दिलं. पण दारातून हलली नाही.

आय बाहेर आली. तिचे केस सुटले होते. मूल पायाळू आहे आणि अंग बाहेर येऊन डोकं अडेल अशी भीती वाटते, असं तिने हळूच सांगितलं. मी म्हटलं, मला आत येऊ दे. आयने सासूकडे पाहिलं, सासूने मान खाली घातली. आय मला म्हणाली, "तुला आत घेतली त उद्यापासून मलाबी कोन बोलवनार न्हाय. मग या बायकांनी कोनाकडं जायचं?"

मग मी ओटीवरच पंच्याची गुंडाळी करून तिला दाखवलं. ओढायचं नाही. मुलाचा भार त्याच्याच वजनाने खाली येऊ द्यायचा, हात कुठे घालायचा, मान कशी वाकवायची. आयने माझ्या हातांकडे एकदाच नीट पाहिलं आणि आत गेली. मी सांगितलं तसंच तिने केलं. मारी वाचली. मूल रडलं नाही. मी ओरडून म्हटलं, त्याला माझ्याकडे द्या. दिलं, पण आधी कपडा शोधला, गुंडाळलं, आणि तेवढा वेळ गेला. मी त्याच्या तोंडात फुंकर घालत राहिले. मुलगा होता. आयने ओंजळीतल्या पाण्याने त्याच्या कपाळावर बाप्तिस्मा दिला, कारण मूल जाणार असं दिसलं की पाद्र्याऐवजी सुईणीलाही तो देता येतो.

मी आत असते तर वाचला असता का? इतकी वर्षं या कामात काढून मला वाटतं, कदाचित. याहून जास्त मी म्हणू शकत नाही.

घरी आल्यावर आय हात धूत बसली. हात स्वच्छ झाले तरी धूतच राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच तुला बोलावून घेतली. आता मीच सांगतय, जा. हितं बसलीस त तुझे हात सुकतील." बापसाने वाद घातला नाही. या वेळी होडीने नाही, राई-मुर्ध्याच्या वाटेने बैलगाडीतून भाईंदरला गेले. आय गाडीबरोबर मिठागरांपर्यंत चालत आली, आणि तिथून वळली.

पुढे मी मुंबईत पूर्ण नर्सिंग केलं आणि तिथेच नोकरीला लागले. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तशी पुण्याला लष्करी हॉस्पिटलात बदली झाली. आय आजारी असल्याचा निरोप मिळून रजा मंजूर होईपर्यंत तिला माती देऊन झाली होती. गावात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, पाहुण्याशी बोलावं तसं. लढाई संपल्यावर पुण्यातच बाळंतपणाच्या वॉर्डाची सिस्टर म्हणून मला जागा मिळाली. खोली मिळाली, वर्तमानपत्राची सवय लागली, चहात वेलदोडा घालायला शिकले. बोलणंही बदललं. हाय-न्हाय आता फक्त प्रार्थनेत उरलंय.

गेल्या वर्षी मारी पुण्याला आली. मधल्या काळात आयच्या हातून तिला दोन मुली झाल्या होत्या. आय गेल्यापासून गावात कोणी धड सुईण नव्हती, आणि या खेपेला तिचे पाय सुजलेले, डोकं सारखं दुखत होतं. नवरा तिला एवढ्या लांब माझ्याकडे घेऊन आला. आठवडाभर आम्ही तिला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं, डॉक्टर दोनदा येऊन गेले. मुलगा झाला, चांगला टणक. मी त्याला पुसत होते तेव्हा मारी रडत होती आणि मीही.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आता चल इजू. सासू गेली माझी. आता तुला कोन अडवनार न्हाय. बायका वाट बगतान."

तिला काय सांगणार? इथे विजेचा दिवा आहे, हाक मारली की डॉक्टर येतात, रक्त थांबेना तर इंजेक्शन आहे. ज्या वयात मी कंदिलाच्या उजेडात, एकटीने, नुसत्या हातांवर काम करायला तयार होते, ते वय गेलं. आता सारवलेल्या जमिनीवर एखादी बाई समोर पडली तर मला भीती वाटेल. गाव तयार झालं, तोवर मी तशी राहिले नाही. यात दोष कोणाला देऊ? मी मारीला म्हटलं, बघते. तिला कळलं.

वॉर्डातल्या बायका विचारतात, सिस्टर, तुमचं गाव कुठलं? मी म्हणते, उत्तन, भाईंदरच्या पुढे, समुद्रावर. त्यांना नाव माहीत नसतं. मग विचारतात, तिकडे दवाखाना आहे का, बाळंतपणाला कोण असतं? मी म्हणते, माझी आई होती. आणि आता, असं कोणी विचारलं, की मी नाडी बघायला त्यांचा हात हातात घेते.