लावारिस अक्का

औरादच्या आमच्या गल्लीतल्या अक्काला उभ्या जन्मात परका माणूस असा भेटलाच नाही. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, आयुष्य लोकांच्या घरी भाकऱ्या थापण्यात गेलं. पण बाजारातला तेलंगी मिरचीवाला तिचा मामा, पोस्टमन जावई. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत दारात आलेल्या शिपायालाही "लेका, जेवलास का?" म्हणून तिनं विचारलं, आणि तो बिचारा बंदूक भिंतीला टेकवून जेवला. मी शेजारचा मास्तर, म्हणून धाकटा भाऊ.

पुढं तिची नजर गेली. चुलीशी दोनदा हात भाजला, तिसऱ्यांदा पदर पेटला, तेव्हा माझी झोप उडाली. बिदरला सरकारी खर्चानं चालणारं म्हाताऱ्यांचं घर होतं. जेवण, खाट, हाताला धरून नेणारी बाई. खाट एकच रिकामी होती, आणि सरकार खर्च द्यायचं तो फक्त लावारिसांचा, म्हणजे ज्यांना कुणीच नाही अशांचा. चौकशीला कारकून येणार होता. आठवडाभर मी अक्काची शाळा घेतली.

"मला कोन न्हाई. तुमी समदे हायतच की!"

"अक्का, फुडचं म्हनू नगंस!"

"खोटं कामून बोलाय लावायलास मला?"

कारकून हैदराबादचा. त्यानं विचारलं, "कोई है तुमारा?" अक्का पदर मुठीत चुरगाळत म्हणाली, "कोन न्हाई." पुढं एक शब्द नाही. कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि साक्षीदार म्हणून मला सहज विचारलं, "ये तुमकु कौन लगते?"

"अक्का," मी म्हणालो.

टाक चालला. बहन. भाई मौजूद. हे गल्लीतलं नातं आहे, म्हणून मी त्याच्या हातापाया पडलो, पण त्यानं लिहिलेलं खोडलं नाही. खाट दुसऱ्या कुणाला गेली.

माझ्याच जिभेचा मला संताप आला. अक्कानं मात्र नामंजुरीचा कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "सरकारनं लिवलंय व्हय, मला भाऊ हाय म्हनून?"

तिला आमच्या घरी आणलं. पण मी शाळेत, बायको शेतात. एका दुपारी ती उंबऱ्यात पडली, ती उठलीच नाही. कागद उशीखाली सापडला. मयताची नोंद करताना पाटलानं विचारलं, "तुमची कोन?"

ह्या वेळी मी विचार करून बोललो. "अक्का."